एकीचा गट

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईला एक्कावन्नाव्या वर्षीही सगळे धाकटीच म्हणत, कारण थोरली बहीण कायम बरोबर असायची. दोघी बिनलग्नाच्या, एका घरात राहायच्या आणि वर्षातून चार-पाचदा जंगलातल्या शर्यतींना जायच्या. हातात नकाशा नि होकायंत्र. झाडीत लावलेली नारिंगी-पांढरी निशाणं क्रमाने शोधायची, प्रत्येकापाशी बोटाला बांधलेली चिप टेकवून वेळ नोंदवायची आणि लवकरात लवकर परतायचं. धावायच्या वेगवेगळ्या, पण नंतर एका चादरीवर नकाशे उलगडून कोण कुठे चुकलं यावर तासभर भांडायच्या. खरी मजा त्यातच होती.

मग चोपन्नाव्या वर्षी थोरलीने दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. “दाढ काढायला गेली ती घर करून बसली,” असं धाकटी दुकानात हसून सांगायची. घरी मात्र तिला हसू येत नसे.

यंदा शनिवार-रविवारच्या शर्यतींना ती एकटीच आली. पन्नाशीपुढच्या बायकांच्या यादीत तिचं एकटीचंच नाव. शनिवारी ती झकास धावली. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीतून तिने थोरलीला फोन लावला.

“पहिली आले.”

“अरे वा. किती जणींत?”

“एकीत.”

थोरली हसली. “म्हणजे शेवटचीही तूच की गं.”

“नकाशा पाठवू? सहाव्या निशाणाकडे जाताना एक ओढा होता ना...”

“उद्या बघते. पडदेवाला माप घ्यायला आलाय. ठेवू?”

“ठेव.”

रविवारी साडेअकराला ती आठव्या निशाणापाशी पोचली. मोठ्या दगडाआड होतं ते. तिने चिप टेकवली. पुढची चार निशाणं सोपी होती, पण पाय उचलेना. दमली नव्हती ती. घाई करायची ती कुणासाठी, असं मनात आलं आणि ती मटकन खाली बसली.

एक तरुण धावत आला. “लागलंय का?”

“नाही. नकाशा बघतेय.”

तो गेला. मग आणखी दोघं-तिघं आले-गेले. त्यानंतर कोणीच नाही. आपण परतलोच नाही तर कुणाला कधी कळेल, याचा ती हिशेब करत बसली. सोमवारी दुकान बंद. मंगळवारी दहा वाजता मालक चिडेल. थोरली फोन करेल तेव्हा करेल. हे बरं नव्हे, हे तिला कळत होतं. दोन वाजता शर्यत संपली, तरी ती हलली नाही. तीनच्या सुमाराला लांबून शिट्ट्या ऐकू आल्या, पाठोपाठ तिच्या नावाच्या हाका. ती उठली आणि शर्यत जिथे संपते त्या मैदानाकडे धावत सुटली.

मैदानावरचे तंबू उतरले होते. वेळ टिपणारे निवृत्त पोस्टमन एकटेच टेबलापाशी बसले होते. यादीत एकाच नावापुढे खूण नव्हती.

“पाय मुरगळला?”

“नाही.”

“वाट चुकलात?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. “नाही. बसले होते.”

त्यांनी खूण केली. रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. “आमच्या दोन पोरी तासभर तुम्हाला शोधताहेत. बसायचं असेल तर आधी येऊन सांगावं, मग खुशाल संध्याकाळपर्यंत बसावं. जंगल काही पळून जात नाही.”

“चुकलं माझं.”

“पाणी प्या आधी.”

त्यांनी शिट्टी मारल्यावर पोरी आल्या. दोघींच्या पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या. तिने दोघींची माफी मागितली. एक “असू दे मावशी” म्हणाली. दुसरी खाली बसून पोटरीतला काटा काढू लागली.

“निशाणं काढायची राहिलीत का?” तिने पोस्टमनना विचारलं.

“शेवटची पाच राहिलीत.”

“ती मी आणते.” ती वळली, दोन पावलं जाऊन थांबली. “मी गेलेय म्हणून लिहून ठेवाल?”

त्यांनी घड्याळात बघून वेळ लिहिली.

पाऊण तासात ती पाचही निशाणं काखेत मारून परतली. पोस्टमननी तिच्या नावापुढे दुसरी खूण केली, खुर्ची मिटली आणि तिचा निरोप घेऊन ते बसथांब्याकडे निघाले. ती बूट बदलायला गाडीत बसली. मैदानावर आता दुसरी गाडी नव्हती. तिने थोरलीला ‘आता निघतेय, आठपर्यंत घरी पोचेन’ एवढं लिहून पाठवलं आणि गाडी सुरू केली.