सतराव्या पानावरच्या चांदण्या

मी एक जुनी पोलिसी कादंबरी आहे. एकटीदुकटी नाही हं. आम्ही अकरा बहिणी, त्यातली मी सातवी. आम्हा सगळ्यांत इन्स्पेक्टर एकच: पाय ओढत चालणारा, कमी बोलणारा आणि शेवटच्या तीस पानांत खुन्याला हमखास पकडणारा. वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर माझी जागा आहे. मित्रांनो, ती जागा एकदा जाता जाता राहिली. ती हकिकत सांगावी म्हणून आज तोंड उघडलं आहे.

छापखान्यात माझ्या पानांच्या घड्या घातल्या, त्या दोऱ्यानं शिवल्या, पाठीला सरस लावला आणि मला दाबाखाली ठेवलं. "सहजासहजी उसवायची नाही ही," असं बांधणी करणारा म्हणाला होता. त्याचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

वाचनालयात आले तेव्हा माझ्यासाठी नंबर लागायचे! पुस्तक घरी नेलं की आतल्या कार्डावर तारखेचा शिक्का बसतो. माझं पहिलं कार्ड वर्षभरात भरलं. आम्ही बहिणी दिसायला इतक्या सारख्या, की कोणती वाचली आणि कोणती नाही, यात वाचकांचा गोंधळ उडायचा. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. वाचून झालं की सतराव्या पानाच्या कोपऱ्यात ज्यानं त्यानं आपली बारीकशी खूण करायची. शिंप्याची खूण टाक्यासारखी रेघ, दातांच्या डॉक्टरांची अधिकची फुली. पुढच्या वेळी आपली खूण दिसली, की पुस्तक मुकाट्यानं परत फळीवर. ग्रंथपालही या खुणांकडे काणाडोळा करायचे.

पुढे लोकांना गोष्टी फोनवर मिळू लागल्या आणि माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना. चार वर्षं कार्डावर एकही शिक्का नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण मला एक वाचक होती. वाचनालयात सगळे त्यांना फौजदारबाई म्हणायचे. बाई फौजदार कधीच नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी पोलीस ठाण्यात लोकांचे जबाब लिहून घेतले होते. निवृत्त झाल्यावर त्या रोज दुपारी तीनला यायच्या, लांब टेबलाशी बसून मला वाचायच्या आणि पाचला स्वतःच्या हातानं जागेवर ठेवायच्या. घरी मात्र न्यायच्या नाहीत. "आमचे हे हसतात," त्या शेजारणीला सांगायच्या. "म्हणतात, तीस वर्षं ठाण्यात काढलीस, अजून हौस फिटली नाही का?"

आणि बाई पेन्सिल घेऊन वाचायच्या. "तपासणीचा अहवाल दोन दिवसांत? आमच्याकडे दोन महिने!" असं समासात लिहायच्या. "शिपाई पाच तास उन्हात उभा. त्याला पाणी कोण देणार?" "साहेब एकदा तरी चुका की हो!" मला राग यायचा. एके ठिकाणी त्यांनी लिहिलं, "मेलेल्या मुलीचं नाव चाळिसाव्या पानानंतर कुणी घेतलेलं नाही." त्याचा मात्र राग आला नाही, कारण ते खरं होतं.

एवढे दोष काढूनही खुनी सापडला की त्या खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकायच्या. "वा रे पठ्ठ्या! बरोब्बर धरलंस!" असं पुटपुटायच्या. मग सतराव्या पानावर एक चांदणी काढायच्या. इतरांची खूण पुस्तक पुन्हा वाचायला लागू नये म्हणून असायची. बाईंच्या चांदण्या नऊ झाल्या होत्या.

दोनशे बाराव्या पानावर मात्र त्यांनी कधी पेन्सिल टेकवली नाही. तिथं इन्स्पेक्टर मेलेल्या मुलीच्या आईकडे जातो. आई लेकीबद्दल काहीबाही सांगत राहते, तपासाच्या उपयोगाचं एक अक्षर नाही. तो वही मिटतो आणि नुसता ऐकत बसतो. बाई त्या पानावर पोचल्या की बराच वेळ पान उलटत नसत.

समासातलं लिखाण पाहून ग्रंथपालांचा पारा चढायचा. खोडरबरानं पुसता पुसता ते आरोपी शोधायचे. एकदा तर त्यांनी फौजदारबाईंनाच गाठलं. "तुम्ही ठाण्यात होतात. जरा लक्ष ठेवा ना, कोण लिहितंय ते!"

"ठेवते की," बाई म्हणाल्या आणि पेन्सिल पदराआड गेली.

अखेर माझी पाळी आली. चार वर्षं शिक्का नाही, वर समास घाण, म्हणून ग्रंथपालांनी मला सुतळीनं एका गठ्ठ्यात बांधलं आणि दाराशी ठेवलं. रद्दीवाला चारला येणार होता. तीनला बाई आल्या. त्यांचा हात सवयीनं दुसऱ्या फळीकडे गेला आणि रिकाम्या जागेत तसाच थांबला.

"अहो, सातवी कुठंय?"

"ती काढली. कुणी नेतच नाही ती."

"मी वाचते ना रोज!"

"कार्डावर कुठंय? मला कसं कळणार?"

गठ्ठ्यातून माझी पाठ दिसत होती. मी जिवाच्या आकांतानं हाक मारत होते, पण आम्हाला आवाज कुठला! बाईंनी ग्रंथपालांपुढचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहायला घेतलं. मग चष्मा सावरून वाचून दाखवलं.

"मी, वय बासष्ट, निवृत्त, समक्ष हजर राहून जबाब देते की, या पुस्तकात लिहिणारी मीच. एकदा एक आई लेकीच्या अपघाताचा जबाब द्यायला आली होती. ती लेकीची एक सवय पुन्हा पुन्हा सांगत होती. माझ्यापुढे रांग होती. मी म्हटलं, मुद्द्याचं बोला. ती गप्प झाली. ते वाक्य मी लिहून घेतलं नाही. या पुस्तकातला माणूस मात्र ऐकून घेतो. म्हणून मला हे पुस्तक हवं आहे. जबाब वाचून पाहिला, तो बरोबर आहे."

ग्रंथपालांनी सुतळी सोडली, सतरावं पान काढलं आणि बोटानं चांदण्या मोजल्या. मग शिक्का उचलला.

"न्या घरी. आणि बाई, पेन्सिल इथं ठेवा."

"ठेवते," बाई म्हणाल्या खऱ्या.

आठवड्यानं मी परत आले. ग्रंथपाल खोडरबर घेऊनच बसले होते. एकेक पान तपासत गेले. बाईंनी जुनं लिखाणही पुसलेलं, एकामागून एक समास स्वच्छ! आता पुस्तकं जपायची कशी, तेही सांगते. मित्रांनो, आमच्या अंगावर लिहू नका. आम्हाला वाचलंत तर शिक्का मारून घ्या, म्हणजे आम्ही जिवंत आहोत हे कुणाला तरी कळेल. आणि कुणी आपल्या माणसाबद्दल सांगत असेल, तर त्याला मध्येच तोडू नका.

दोनशे बाराव्या पानाशी ग्रंथपालांचा हात थांबला. तिथं समासात, ठाण्यातल्या त्या वळणदार अक्षरात, इतकी वर्षं राहून गेलेलं त्या आईचं वाक्य होतं:

"ती जिना उतरताना पायऱ्या मोजायची."

ग्रंथपालांनी ते दोनदा वाचलं आणि खोडरबर खणात ठेवून दिलं.