दरफळणीचं मलम

पनवेलच्या इस्रायल आळीत हेप्झिबाच्या स्वयंपाकाचं कौतुक कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तिच्या पुऱ्या फुगत नसत, मटणात नारळाचा रस हमखास कमी पडे, आणि शिवणाची टीप सरळ गेली तर तिचं तिलाच नवल वाटे. पण ओठांचं मलम करावं तर हेप्झिबानेच, हे आळीतल्या सगळ्या बायकांना कबूल होतं. एवढ्या बायका एका गोष्टीवर एकमत होतात म्हणजे मलम खरोखरच चांगलं असणार.

हे मलम लागायचं दरफळणीच्या सणाला. दरफळणी म्हणजे दारं लावून घ्यायचा दिवस. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांतली माणसं आदल्या संध्याकाळी आंघोळी करून पांढरे कपडे घालत, सूर्य बुडायच्या आत घरांची दारं लावून सिनेगॉग गाठत, आणि मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, अंगाला तेल नाही, तोंड धुणं नाही. दिवसभर सिनेगॉगमध्ये बसून वर्षभराच्या पापांची माफी मागायची. बाहेर पावसाळा संपतानाचं चटके देणारं ऊन, आत कोरडा घसा आणि अखंड प्रार्थना. दुपारपर्यंत ओठ तडकत, संध्याकाळी त्यांतून रक्त येई. म्हणून सूर्य बुडायच्या आत ओठांना मलमाचा जाड थर द्यायचा. एकदा सूर्य बुडाला की लावणंही बंद आणि धुणंही बंद.

मलम करायला हेप्झिबाला तिच्या आईने शिकवलं होतं. कोकमाच्या बिया वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल निवलं की त्याचा पांढरट घट्ट गोळा होतो. तो गोळा आणि मधाच्या पोळ्याचं गाळलेलं मेण एका वाडग्यात घालून ते वाडगं उकळत्या पाण्यात ठेवायचं. विरघळलं की वाळ्याच्या मुळ्या मुरवलेलं खोबरेल थोडं ओतायचं. मग एक थेंब थंड ताटलीवर टाकून नखाने खरवडून बघायचा. नखाला माखला तर मेण कमी पडलं, भुगा झाला तर मेण जास्त झालं. जमलं की तपकिरीच्या रिकाम्या, उकळून घेतलेल्या डब्यांत भरायचं आणि सणाच्या आदल्या दिवशी घरोघर पोचवायचं.

त्रेपन्न साली मात्र पंचाईत झाली. कोकमं झाडावरच सडली आणि सण तोंडावर आला तरी हेप्झिबाच्या घरात कोकमतेलाचा खडासुद्धा नव्हता. तिची झोप उडाली. भामा नावाची एक आगरी बाई कोन गावाहून रोज तिच्याकडे दूध घालायला यायची. हेप्झिबाने तिच्यापाशी रडगाणं गायलं.

"भामा, ओठांना लावायला काही घट्ट तेल मिळतं का बघ गं तुमच्या गावात. सणाचं मलम करायचंय."

"ओठांना? आमच्या घरातच हाय ना, वैनी! धन्यानं जपून ठेवलाय. टाचा फुटूदेत नायतर ओठ फुटूदेत, दोन दिसांत लोण्यावानी मऊ. उद्या आनते."

दुसऱ्या दिवशी तिने केळीच्या पानात बांधलेला पांढरा गोळा आणून दिला. हेप्झिबाने दोन्ही हातांनी तो घेतला. आता इथे कुणीही विचारलं असतं की बाई, हे तेल कशाचं? पण ओठांना लावायला कोकमाशिवाय दुसरं काही या जगात असू शकतं, हे हेप्झिबाच्या ध्यानीमनीही नव्हतं. गोळा जरा मऊ होता आणि वास उग्र होता. बियांना ओल लागली असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मेण वाढवलं, वाळ्याचं खोबरेल दुप्पट ओतलं, आणि नखाने खरवडून बघितलं तर काय, इतकं गुळगुळीत मलम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

सगळ्यांत मोठी डबी तिने एलिशेबाकाकींसाठी भरली. काकी म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, राफेलच्या, चुलती. राफेलची आई लवकर गेली, त्यामुळे हेप्झिबाला सासुरवास काय तो काकींचाच. सोवळ्याओवळ्यात काकींचा हात कुणी धरू शकत नसे. एका लग्नात आचाऱ्याने मटणाच्या पळीने दूध ढवळून तीच पळी परत मटणात घातली, आणि मांस-दूध एकत्र आलेलं धर्माला चालत नाही, म्हणून त्यांनी मटणाचं अख्खं पातेलं उकिरड्यावर ओतायला लावलं होतं, आणि वऱ्हाडी मुकाट्याने वरणभात जेवले होते. लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला हेप्झिबाचे कान आसुसलेले होते. पोरं मोठी झाली, स्वतःचे केस पिकायला लागले, पण काकी प्रत्येक वेळी डबी घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि "ठेव तिथे" एवढंच म्हणायच्या.

त्या वर्षी काकींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, सर्दीने नाक चोंदलेलं. त्यांनी वाससुद्धा घेतला नाही. "ठेव तिथे," म्हणाल्या.

उपास कडक गेला. पण संध्याकाळी सण संपल्याचं शेवटचं शिंग फुंकलं गेलं आणि बायका वरच्या सज्जातून जिना उतरून खाली आल्या तेव्हा एकीचाही ओठ फुटलेला नव्हता. जी ती हेप्झिबाला शाबासकी देत होती. तेवढ्यात काकी काठी टेकत पुढे आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी हेप्झिबाच्या डोक्यावर हात ठेवला.

"हिच्यासारखी सून या आळीत दुसरी नाही," त्या म्हणाल्या.

आळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हेप्झिबाला तर आपण उपाशी आहोत हेही आठवेना. घरी जाऊन तिने सरबताचा पेला तोंडाला लावला आणि पिता पिता रडली. राफेलने काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही, गोड आहे," म्हणाली.

दुसरा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी दारं उघडतात, एकमेकांकडे जाणं-येणं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोडधोड वाटतात. राफेल भेटीगाठींना बाहेर पडला होता. भामा दूध घालून नारळाच्या वड्या खायला ऐसपैस बसली.

"मलम कसा झाला वो, वैनी?"

"अगं, काय सांगू तुला! काकींनी भर सिनेगॉगमध्ये माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या कोकमतेलाने माझी लाज राखली."

भामा हसायला लागली. "कोकमाचा कुठला? कोकमा तर आमची पन सडली. ती चरबी हाय."

"चरबी? कसली चरबी?"

"रानडुकराची. गेल्या साली शेतात शिरला व्हता, धन्यानं मारला. त्याची चरबी म्हंजे औषध हो!" आणि हेप्झिबाचा चेहरा बघून ती वडी खाता खाता थांबली. "तुमी लोक डुक्कर खात नाय, ते म्हाईत हाय मला. पन हा खायाचा थोडाच हाय, लावायचा हाय ना?"

हेप्झिबा जवळच्या पाटावर बसली ती बसलीच. ज्या प्राण्याचं नाव तिच्या आईने घरात कधी उच्चारू दिलं नाही, त्याची चरबी तिने स्वतःच्या हाताने वाडग्यात विरघळवली, ढवळली, डब्यांत भरली. वर्षातल्या सगळ्यांत पवित्र दिवशी आळीतली एकूणएक बाई ती ओठांवर घेऊन देवापुढे बसली. आणि कोरडे ओठ माणूस चाटतोच. तिने स्वतः किती वेळा चाटले होते! समोर भामा घाबरून उभी होती. जपून ठेवलेलं औषध या बाईने आपण होऊन आणून दिलं होतं, तिला काय बोलणार? हेप्झिबाने कशीबशी उरलेल्या वड्यांची पुडी बांधून तिच्या हातात दिली आणि तिला वाटेला लावलं.

मग ती तोंड धूत सुटली. शिकेकाईने धुतलं, राखेने धुतलं, ओठ सोलून निघायची वेळ आली. तरी तो वाळ्याचा वास जाईना.

आता काय करायचं? डब्या परत आणायच्या, एवढंच तिला सुचलं. पिशवी घेऊन ती आळीत शिरली आणि दारोदार तेच सांगायला लागली, "मेण खराब निघालं गं, डबी परत दे, बदलून देते." पण ऐकतंय कोण! एकीने डबी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. दुसरीने अर्धं मलम मुंबईच्या बहिणीला पाठवूनही दिलं होतं. तमारकडे तर कहरच झाला. तमार नुकतीच बाळंत झालेली, तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती, आणि पोराचे इवलेसे ओठ मलमाने चकाकत होते.

"याला लावलंस?" हेप्झिबा किंचाळलीच.

"फुटले होते हो. बघा ना, कसे मऊ पडले! डबी बिबी काही मिळायची नाही, हेप्झिबावहिनी. खराब म्हणे! तुम्हाला जास्त कौतुक करून घ्यायचंय, दुसरं काय!"

हेप्झिबा रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडली. शेवटचं दार काकींचं. कालचा तो हात अजून तिच्या डोक्यावर होता, आणि आता तो आपल्याच तोंडाने उतरवायचा की मेणाची गोष्ट इथेही चालवायची, हे तिला ठरवता येईना. चालवली असती तर कुणाला कळणार होतं? भामा आळीत दुसऱ्या कुणाकडे जात नव्हती.

काकी ओसरीवर बसल्या होत्या.

"काकी, ती डबी द्या. मेण—" एवढं बोलून ती थांबली. पुढचं खोटं तोंडातून फुटेना. मग जमिनीकडे बघत तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. कोकमं, भामा, केळीचं पान, रानडुक्कर.

आता आभाळ कोसळणार म्हणून तिने डोळे मिटून घेतले. काहीच कोसळलं नाही.

"ठाऊक आहे," काकी म्हणाल्या.

हेप्झिबाने डोळे उघडले. "काय?"

"रेवदंड्याला माझ्या बापाचा तेलाचा घाणा होता. बैलांच्या खांद्याला जू लागून जखमा व्हायच्या. शेजारचा गडी येऊन हीच चरबी चोळायचा. लहानपणी घरभर तो वास. तो काय मी विसरेन? परवा संध्याकाळी सिनेगॉगमध्ये गरम चहाबिहा न पिताही सर्दी मोकळी झाली आणि वास आला. पण तोवर सूर्य बुडाला होता. धुणार कशी? कोरड्या पदराने पुसलं आणि तोंड घट्ट मिटून बसले."

"आणि दिवसभर तुम्ही कुणालाच..."

"सांगून काय झालं असतं? कुणालाही धुता आलं नसतं. एवढ्या सगळ्या बायका दिवसभर देवाच्या जागी डुकराचा विचार करत बसल्या असत्या."

ज्या बाईने पळीपायी पातेलं ओतलं, ती ओठांवर डुकराची चरबी घेऊन चांदण्या उगवेपर्यंत गप्प बसली! आणि मग हेप्झिबाला कालचं आठवलं, आणि हा धक्का पहिल्याहून मोठा होता.

"मग काकी, काल सगळ्यांसमोर... सगळं माहीत असून माझ्या डोक्यावर हात?"

"आज ना उद्या तुला कळणार, हे मला दिसत होतं. कळलं की तू स्वतःला खाणार. नंतर मी काही चांगलं बोलले असते तर तुला ती कीव वाटली असती. म्हणून आधी बोलले. खोटं नाही बोलले हं. त्या दिवशी, त्या जागी मी खोटं बोलेन?"

हेप्झिबा मटकन पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. काकींनी तिला रडू दिलं. मग विचारलं,

"भामाला काय बोललीस?"

"काही नाही. वड्या दिल्या."

"बरं केलंस. आता ऊठ. मला सांगितलंस तसं प्रत्येकीला सांग."

"काकी, त्या मला दारात उभं करणार नाहीत हो!"

"नाही करणार. महिनाभर नाही करणार. तमार वर्षभर नाही करणार, तिचं तान्हं पोर आहे." काकींनी काठी जमिनीवर आपटली. "पण त्यांच्याजवळ मेणाची गोष्ट चालवलीस, तर मी तुला माझ्या दारात कधीच उभं करणार नाही."

हेप्झिबा उठली. तोंड पुसलं आणि आली तशी पुन्हा आळीत शिरली. इतरजणींची दारं ओलांडून आधी तमारच्या दारात जाऊन उभी राहिली. बाळ झोळीत झोपलं होतं.

"आता परत काय, वहिनी?" तमारने हसत विचारलं.

"तमार, त्या डबीत डुकराची चरबी आहे. मी न विचारता वापरली."

तमारचं हसू तिथल्या तिथे थिजलं. ती झोळीकडे धावली, पदराच्या टोकाने बाळाचे ओठ खसाखसा पुसायला लागली. बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं. मग ती वळली, आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात हेप्झिबाला नको नको ते बोलायला लागली. शेजारची दारं उघडली.

हेप्झिबा दारातून हलली नाही.