कोरड्या दरीतला चिखल

आमच्या ज्वालामुखी केंद्रात एक अलिखित नियम होता. जे खणून सापडलं तेच नकाशावर चढायचं. हा नियम डॉक्टर रोसेन्दो चिलुइसांचा. डोंगर तापला की माथ्यावरचं बर्फ वितळतं आणि राख, दगड, पाणी यांचा लोंढा नदीतून खाली येतो. जुने लोंढे कुठवर पोचले होते हे शोधायला रोसेन्दोंनी पस्तीस वर्षांत दोनशेवर खड्डे खणले होते. त्यांच्या सहीशिवाय धोक्याचा नकाशा नगरपालिकेकडे जात नसे. मी नार्सिसा, तिथली तंत्रज्ञ. कंपनं मोजणारी यंत्रं सांभाळायची आणि गाडी चालवायची, ही माझी कामं.

येसेनिया तिपान राजधानी कीतोहून आली ती संगणकावर लोंढे सोडायला. डोंगराचे चढउतार संगणकात भरायचे, मग कधी थोडा चिखल, कधी पुष्कळ, कधी दाट, कधी पातळ सोडून तो कुठे जातो ते बघायचं. असे चार हजार लोंढे तिने सोडले. बहुतेक नदीतूनच गेले. पण दहातला एक नदीच्या ला रिंकोनादा या वळणावर काठ ओलांडून पलीकडच्या कोरड्या दरीत उतरत होता. नकाशावर ती दरी पांढरी, म्हणजे बिनधोक होती आणि तिथेच नगरपालिकेची नवी शाळा होणार होती.

"दोनशे खड्डे खणलेत मी," रोसेन्दो बैठकीत म्हणाले.

"त्या दरीत किती, डॉक्टर?"

"तिथे कशाला खणू? नदी आहे का तिथे?"

"म्हणजे तिथे काही नाही असं कुणाला कळलेलं नाही. तिथे कुणी बघितलेलं नाही, एवढंच."

रोसेन्दोंनी चष्मा काढला. "पोरी, तुझ्या संगणकातल्या चिखलाने आजवर कुणाची चड्डी तरी भिजलीय का?"

सगळे हसले, मीसुद्धा हसले. येसेनिया तेवढी हसली नाही. "नगरपालिकेत नकाशा द्यायला तीन आठवडे आहेत. तोवर मी खणते," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "नार्सिसा, फावडी कुठे असतात?"

तिने फावडं पूर्वी कधी धरलं नव्हतं, हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसलं. संध्याकाळपर्यंत तिच्या तळहातांवर फोड आले होते. दोन मीटर खाली फार जुन्या उद्रेकाची पिवळी टणक राख लागली. त्यावर नुसती माती, लोंढ्याची खूण नाही. दुसरा खड्डाही तसाच. केंद्रात बातमी माझ्या आधी पोचली. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी तिला विचारलं, "काय, सापडलं का शाळेचं भूत?"

मला वाटलं, आता ही गप्प बसेल. तिने मात्र दोन्ही रिकामे खड्डे वहीत लिहिले, मोजमापासकट. मग संगणकापाशी बसून जे लोंढे त्या दोन जागा बुडवत होते ते सगळे बाद केले. बरेच गेले. तरी काही उरले, आणि ते सारे एकाच सखल पट्ट्यात जाऊन थांबत होते. तो पट्टा म्हणजे दरीतल्या शेतकरी बाई दोन्या पास्तोराचं लसूणघासाचं शेत.

दोन्या पास्तोरा कुंपणापाशीच उभी राहिली. "विजेचे खांब पुरायला आले होते मागे. सगळी माती उलटीपालटी करून गेले. अजून तिथे काडी उगवत नाही. विकायला पाळलेल्या माझ्या गिनी पिगांनी काय खायचं?"

"वरची माती वेगळी ठेवीन, खालची वेगळी. होती तशीच परत भरीन."

"बोलायला काय जातंय, बाई."

"मग बसा इथेच आणि बघा."

दोन्या पास्तोरा खरंच बसली, वालाच्या शेंगा सोलत. तिसऱ्या दिवशी, दीड मीटरवर, फावडं खणकन वाजलं. करड्या मातीत दगड अडकले होते, सुपारीएवढे आणि डोक्याएवढे, सगळे एकत्र कालवलेले. मध्ये कोळसा झालेल्या फांदीचा तुकडा. येसेनियाने मला एवढंच सांगितलं, "डॉक्टरांना बोलाव. मी सांगून उपयोग नाही."

रोसेन्दो आले, गुडघे सांभाळत खड्ड्यात उतरले आणि पाऊण तास वर आले नाहीत. एकेक दगड काढून त्याच्या कडा चाचपल्या. मातीची चिमूट दाढेखाली धरून चावली. वर आले तेव्हा डोळे मातीच्या त्या थरावरच होते.

"नदीच्या पुराचं नाही हे," ते म्हणाले. "पुराने दगड गोल होतात, थर लागतात. हा लोंढाच आहे." मग हातावरची माती झटकत, "पस्तीस वर्षं मी या रस्त्याने जातोय."

"डॉक्टर, नकाशावर सही कराल?"

"लोंढा इथवर आला होता, एवढ्यावर करीन. पुढचा आला तर किती खोल असेल ते तुझा संगणक म्हणतो. त्यावर माझी सही नाही."

"मग दोन रेषा काढू. सापडलेल्याची सलग, संगणकाची तुटक."

"आणि ते दोन रिकामे खड्डे?"

"तेही दाखवायचे."

रोसेन्दोंनी मान डोलावली. "ते आधी दाखव."

नगरपालिकेतली बैठक कडू झाली. अभियंत्याने विचारलं, एका तुटक रेषेपायी शाळा हलवायची का? रोसेन्दो उठले आणि म्हणाले, तुमच्या शाळेच्या जागेवर पांढरा रंग मी न बघता भरला होता, हे लिहून घ्या. शाळेची जागा टेकडीवर गेली. ठेकेदार अजून आम्हाला शिव्या देतो.

त्यानंतर येसेनियाच्या संगणकाने सुचवलेल्या सात जागी आम्ही खणलं. तीन ठिकाणी चिखल निघाला, चार ठिकाणी नाही. रोसेन्दो हल्ली सकाळी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि भांडतात. हा उतार चुकलाय, इथे कडा आहे, ती तुला दिसत नाही का? ती दुरुस्त करते आणि पुन्हा लोंढे सोडते. नव्याने आलेल्यांना वाटतं आपण फक्त संगणक चालवायला आलो. त्यांना ती पहिल्याच आठवड्यात गाडीत बसवते. फावडी मी भरते.