सलूनमधला रेडिओ मीटिंगला जातो

सगळे त्याला रेडिओ म्हणत आणि ते कौतुकाने म्हणतात, असा त्याचा प्रामाणिक समज होता. थोरल्या भावासोबत तो सलून चालवायचा. दादा मुकाट्याने केस कापायचा, आणि ही कसर धाकटा भरून काढायचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाची मुलगी कोणाच्या स्कूटरवर दिसली, कोणते साहेब मिशीलाही कलप लावतात, सगळं दाढीबरोबर फुकट.

पण गेले सहा महिने सकाळी दोन पेग पोटात गेल्याशिवाय त्याचा हात स्थिर होईना. मागच्या आठवड्यात तर पेग घेऊनही झाला नाही, आणि एका भल्या माणसाच्या कानाची पाळी कापली गेली. दादा ओरडला नाही, हेच वाईट. त्याने धाकट्याचा वस्तरा पुसला, खणात टाकून कुलूप लावलं आणि हातात झाडू दिला.

"दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणे कुठेतरी. जाऊन ये, मग वस्तरा देतो. तोवर केर काढ."

वीस वर्षं वस्तरा धरलेल्या माणसाला झाडू! रेडिओला रडू आलं, पण गिऱ्हाइकासमोर त्याने ते शिंकेवर ढकललं.

मीटिंग शोधायला निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ती कुठे भरते हे आपल्याला ठाऊकच नाही. कोणाच्या घरात कोणता साबण येतो हे सांगणाऱ्या माणसाला! म्हणजे जाणारे जात होते, फक्त त्याला पत्ता लागू देत नव्हते. हे त्याला झाडूपेक्षा जास्त झोंबलं. दवाखान्यातल्या नर्सला त्याने विचारलं, "एका मित्रासाठी पत्ता हवा होता."

"मित्राला पाठवा," ती म्हणाली. "तुम्हाला नाही सांगणार."

शेवटी पत्ता दिला तो बारवाल्याने, काउंटर पुसता पुसता. "वाचनालयामागची खोली. मंगळवारी संध्याकाळी सहा. माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं गेली तिकडे."

"मग मला कशाला सांगतोस?"

"तू प्यायल्यावर जे बोलत सुटतोस ना, त्याने उरलेलीही पळतील. जा बाबा."

मंगळवारी सकाळपासून थेंब न घेता, घामाघूम होऊन रेडिओ त्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत नऊजण चहा पीत होते. त्याला बघताच नऊ कप जागच्या जागी थांबले. त्यातले सात त्याच्याच खुर्चीत बसून गेलेले. आणि कोपऱ्यात घड्याळवाला! दर मंगळवारी संध्याकाळी दुकान बंद करून हा कुठे जातो, याचा शोध रेडिओने वर्षापूर्वीच लावला होता: बाई ठेवली आहे. शोध लावला आणि वाटूनही टाकला.

"हा आत आला तर मी बाहेर," घड्याळवाला उठलाच. "बायकोला शपथेवर सांगितलं मीटिंगला जातो म्हणून. ती म्हणते, सलूनवाले काय खोटं बोलतील?"

रेडिओला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मीटिंग चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"इथे कोण आलं आणि काय बोललं, ते या दाराबाहेर जात नाही. जमेल तुला?"

रेडिओने आयुष्यात पहिल्यांदा बोलण्याआधी विचार केला. "माहीत नाही, बाई. आजवर जमलेलं नाही. पिणं थांबवणंही जमलेलं नाही. दोन्ही एकदमच करून बघतो."

कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी खुर्ची पुढे केली. घड्याळवाला गेला नाही, पण तासभर भिंतीकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलून भरलेलं होतं. दादाच्या खुर्चीत, तोंडाला फेस लावून, नेमका घड्याळवाला.

"दादा, जाऊन आलो मीटिंगला."

"कुठल्या बारमध्ये होती?"

"खरंच गेलो होतो रे!"

"मग सांग, कोण कोण होतं? एक नाव सांग, आत्ता वस्तरा देतो."

बाकावरच्या चौघांची वर्तमानपत्रं खाली आली. आरशात फेसाच्या वर घड्याळवाल्याचे डोळे विस्फारले. रेडिओच्या जिभेवर नऊच्या नऊ नावं नाचत होती. घशाला खाज सुटली. एकाच नावाचा तर प्रश्न होता.

"नाही सांगत."

"म्हणजे गेलाच नाहीस."

"बरं, तसं समज," रेडिओ म्हणाला आणि झाडू घेतला. त्याला इतकं वाईट वाटत होतं, की एकच कोपरा त्याने तीनदा झाडला. मनातल्या मनात घड्याळवाल्याला यथेच्छ शिव्याही घातल्या.

दाढी झाली. घड्याळवाल्याने तोंड पुसलं, चपला घातल्या आणि दारात थांबला.

"रेडिओ, पुढच्या मंगळवारी पाच मिनिटं आधी ये. काल तुझ्यापायी मीटिंग उशिरा सुरू झाली."

आणि तो निघून गेला. दादाने हळूच खिशातून किल्ली काढली, खण उघडला आणि वस्तरा पुढे धरला.

"काय रे," बाकावरचा एकजण पुढे सरकला, "म्हणजे घड्याळवालापण? आणखी कोण कोण होतं?"

अशी बातमी आजवर कधी आपल्या पायांनी सलूनमध्ये चालत आली नव्हती. रेडिओने आपला हात पाहिला. कापतच होता.

"वस्तरा राहू दे अजून आठ दिवस, दादा," तो म्हणाला आणि बाकाकडे वळला. "पुढचा नंबर कोणाचा?"