निळ्या भुकटीला लागलेली हळद

मी बाटलीतली भुकटी बोलतेय. दिसायला रांगोळीसारखी पांढरी, पण लॅबमधल्या जांभळ्या दिव्याखाली धरली की निळी उजळते. मोबाईलच्या पडद्यातले लाल आणि हिरवा रंग बरेच दिवस टिकतात, निळा मात्र आधी थकतो. न थकणारा निळा घडवायचा, हा शिवरंजनीचा ध्यास.

ती लोहारा गावची. एसटीनं तुळजापूरच्या कॉलेजात यायची. तीन वर्षं तिनं मला कागदावर काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. आमचे रेणू एकमेकांना चिकटले की निळ्याचा हिरवा होतो. म्हणून तिनं प्रत्येक रेणूला दोन बाजूंना दोन आडवे हात जोडले आणि जमलं की हो! मी पहिल्यांदा उजळले तेव्हा ही पोर चक्क रडली. मलाही स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग खंडेनवमी आली. लॅबचे शिपाई कल्याणप्पा भाविक माणूस. त्यांनी तराजू पुजला, यंत्रं पुजली आणि माझ्या झाकणालाही हळदकुंकू लावलं. दसरा झाल्यावर शिवरंजनीनं नमस्कार करून झाकण ओढणीनं पुसलं आणि उघडलं. झाकणाच्या आट्यांत अडकलेली हळद माझ्यात पडली. हळदीची एक खोड आहे, विरघळली की त्या दिव्याखाली तीही उजळते, हिरवट. मला कुठं ओरडता येतंय!

तिनं मला विरघळवून दिव्याखाली धरलं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हिरवा आला. म्हणजे रेणू चिकटतायत. हे हात कुचकामी आहेत. प्रबंधाला चार महिने उरलेत, नव्यानं आखणी कर."

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण पूजेच्या हळदीवर संशय घेणार कोण?

कल्याणप्पांनी विचारलं, "ताई, त्वांड का पाडलंय एवढं?"

"मामा, माझंच चुकलं. तीन वर्षं वाया गेली."

"न्हाय, न्हाय. देवी हाय की! म्होरल्या बाटलीला आपुन सुरुवातीलाच हळद लावू."

तिनं मान डोलावली. म्हणजे पुन्हा तीच हळद!

आता मी मागच्या फळीवर पडून आहे, अंगावर 'बाद' अशी चिठ्ठी. समोर ती नवा रेणू काढतेय, आणि त्यातून नेमके ते दोन हातच तिनं खोडलेत. मी बघत बसते. दुसरं करणार काय?

शिवरंजनी, तुझा राग येतो गं, पण तुझ्यावाचून मला आहे कोण? टाकून देण्याआधी एकदा, फक्त एकदा मला धुऊन बघ. तू चुकली नव्हतीस.