अण्णांचे डोळे

"ऑपरेशन होईल हो, त्यात काही अडचण नाही," रिपोर्टवरून नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "फक्त रक्तात काविळीचे जंतू दिसतायत. बी प्रकारचे. जुने असणार. औषधाची आत्ता गरज नाही, पण घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, लस घ्या."

अण्णा हर्नियाचं पोट धरून बसले होते. "घ्या! जन्मभर बसमध्ये कोणाला फुकट बसू दिलं नाही, आणि हे आत बिनतिकिटाचे!" असं म्हणून स्वतःच हसले. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणायची.

बरोबर आलेली सून मात्र हसली नाही. ती नेत्रपेढीत तंत्रज्ञ होती. माणूस गेला की त्याच्या घरी जायचं, घरच्यांना त्याच्या दुखण्याखुपण्याचं विचारायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढून आणायचा, हे तिचं काम. रक्तात असे जंतू निघाले की तो पडदा कोणालाही बसवत नाहीत, हे तिला पाठ होतं.

आणि अण्णा तर नेत्रदानासाठी जिवाचं रान करणारे. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचे डोळे दोघांना बसवले गेले. तेव्हापासून न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत, जिथे माणूस सापडेल तिथे अण्णा त्याला गाठायचे आणि राजी केल्याशिवाय सोडायचे नाहीत.

"डोळ्यांचं बोलू नकोस हं त्यांच्याजवळ," नवऱ्याने तिला बजावलं. "त्यांच्या माघारी कुठे कळणार आहे त्यांना?"

ऑपरेशन झालं, टाके सुकले, तोवर ती गप्प राहिली. मग एका संध्याकाळी ती आणि अण्णा मटार सोलत बसले होते.

"माझे एखाद्या ड्रायव्हरला मिळू देत," अण्णा म्हणाले. "जन्मभर मागे उभं राहून घंटी मारली. एकदा पुढच्या काचेतून रस्ता बघेन म्हणतो."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "अण्णा, तुमचे डोळे चालणार नाहीत."

"मोतीबिंदू काढला म्हणून?"

"त्याने काही बिघडत नाही. रक्तातल्या जंतूंमुळे."

"औषधाने धुऊनबिऊन घेता येत नाहीत?"

"नाही."

अण्णा सोलत राहिले. दाणे सालींच्या टोपलीत आणि साली दाण्यांच्या भांड्यात पडत होत्या. मग म्हणाले, "तुला दवाखान्यातच कळलं होतं. होय ना?"

तिने मान हलवली. त्यानंतर अण्णा तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. दाढीही घरीच करायला लागले. कुठल्या तोंडाने लोकांना सांगायचं, असं एकदा मुलाजवळ बोलले तेवढंच.

एका रविवारी सकाळी फोन आला. मागच्या गल्लीतला वायरमन गेला होता, झोपेतच. चाळिशीचाही नव्हता. फोन त्याच्या बायकोचा होता. सुनेने सामानाची पेटी उचलली, तर अण्णा शर्ट घालून दारात उभे.

"त्याला मीच तयार केलं होतं," ते म्हणाले. "आता तोंड लपवून कसं चालेल?"

घरात माणसं जमली होती. वायरमनची बायको आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तिचा थोरला दीर. सुनेने हलक्या आवाजात नेहमीचे प्रश्न सुरू केले. ताप होता का? कधी कावीळ? कुत्रा चावला होता? कसली इंजेक्शनं, नशापाणी?

दीर भडकला. "भाऊ गेलाय माझा! तुम्ही डोळे न्यायला आलात की त्याची अब्रू काढायला?"

अण्णा खाकरले. "मलाही असाच राग आला होता. माझेही डोळे चालत नाहीत. या माझ्या सुनेनेच सांगितलं. रक्तात जंतू आहेत. मी काही वावगं केलं नाही, कुठून आले देव जाणे. पण ज्याला डोळा बसवायचा, त्याने काय घोडं मारलंय?"

सुनेने मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं.

"भावजी, तुम्ही जरा बाहेर थांबा," वायरमनची बायको म्हणाली. अण्णाही उठू लागले. "तुम्ही बसा, काका."

दार लोटलं गेल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सुया टोचून घ्यायचे. नशेच्या. कामावर खांबावरून पडले, तेव्हापासून दुखायचं म्हणून. कोणाला माहीत नाही." मग थांबून, "नाही चालणार ना?"

"नाही, वहिनी." सुनेने पेटी मिटली. तिचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "पण तुमचं रक्त तपासून घ्या. लवकर."

त्या बाईला अर्थ कळायला क्षणभर लागला. कळला तसा तिने सुनेचा हात घट्ट धरला.

"मी येईन बरोबर," अण्णा म्हणाले. "घाबरायचं नाही."

बाहेर दीर वाट बघत होता. "काय झालं? नाही म्हणाली ती?"

"रक्ताचं काहीतरी असतं हो," अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "माझ्यासारखंच."

परत येताना कोपऱ्यावर अण्णांनी सुनेच्या हातातली पेटी घेतली. "तूच सांगितलंस ते बरं झालं," एवढंच म्हणाले.

दिवसकार्य उरकल्यावर अण्णा त्या बाईला घेऊन तपासणीला गेले. सुनेने लॅबमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं. ती पोचली तेव्हा बाई खुर्चीत बसून बाही वर करत होती. अण्णा जरा बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाईची लाल पर्स त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.