मंगळवारची खिडकी

"शासकीय शिष्यवृत्तीपासून आमचा एकही पात्र विद्यार्थी वंचित नाही, त्यासाठीची खिडकी दर मंगळवारी अकरा ते दोन उघडी असते." आमचे प्राचार्य वासुदेवराव यांचे हे विधान महाविद्यालयाच्या अहवालात छापले आहे. त्यातील प्रत्येक शब्द खरा आहे आणि विधान खोटे आहे. मंगळवारी गावचा बाजार असतो, खेड्यांतली मुले तशीही येतात, म्हणून तो वार, विचार उदात्तच. खिडकीही उघडी असते. तिच्या आत माणूस असतो, असे मात्र अहवाल कुठेही म्हणत नाही. दाखल्यांवर आतून शिक्का बसला नाही की विद्यार्थी पात्र ठरत नाही. आणि जो पात्रच नाही, तो वंचित कसा?

यंदा अर्जांच्या मुदतीतल्या शेवटच्या मंगळवारी हिंगणीची मयुरी मूळ दाखले घेऊन त्या खिडकीपुढे उभी होती. शिष्यवृत्ती मिळाली तर बी.एस्सी.चे दुसरे वर्ष, नाही तर घर. मागे आणखी दहाबारा जण. मी तास संपवून व्हरांड्यातून चाललो होतो, तेव्हा ती बाजारात भाजी विकणाऱ्या आपल्या आईशी, जयवंताबाईंशी, फोनवर बोलत होती. स्पीकर सुरू होता.

"माय, इथं कोणीच नाई वं! आज शेवटचा दिवस हाये."

"कोण पाह्यजे तुले? खिडकीतला चष्म्यावाला ताराचंदबाबू? तो तं माह्या दुकानी वांगे निवडून राह्यला. दर मंगळवारी येते. धरून ठेवू का?"

"धरून ठेवा!" सारी रांग ओरडली.

मी प्राचार्यांच्या दालनात गेलो आणि नम्रपणे कळवले की आपली खिडकी बाजारात सापडली आहे, पाहायला यावे. माझ्यामागोमाग सारी रांगही दाराशी येऊन उभी होती. न येण्याची सोय त्यांना उरली नाही.

जयवंताबाईंनी ताराचंदबाबूंना खरोखरच धरले होते, पण आदराने: हाती चहा दिला होता आणि वांग्यांची थैली स्वतःच्या मांडीखाली दाबली होती.

"काऊन जी बाबूजी, शिक्का कुठी हाये?"

"खिशात हाये, बाई. हापिसात ठेवला तं कोणीबी मारून देईन."

"मंग मारा ना इथंच!"

उलट्या टोपलीवर दाखले तपासले गेले. पहिला शिक्का मयुरीचा. तिने कागदावर फुंकर मारली आणि बाजार हसला. रांग टोमॅटोंना वळसा घालून सरकू लागली. शेवटचा शिक्का बसल्यावर प्राचार्यांना कंठ फुटला.

"ताराचंद! कामाच्या वेळी भाजी?"

ताराचंदबाबू अजिबात गडबडले नाहीत. "सर, थैली ओळखा ना. तुमच्याच घरची हाये. मॅडमनं चवळीच्या शेंगाबी सांगतल्या."

"अगंबाई!" जयवंताबाईंनी थैली मांडीखालून काढून प्राचार्यांच्या हाती दिली. "मंग तिकडं खिडकीत कोण बसते जी, वांगे?"

पोरे वाट पाहत उभी राहिली. वासुदेवरावांनी थैलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांचे उत्तर पुढच्या अहवालासाठी मी शब्दशः टिपून घेतले:

"मंगळवारी खिडकीत कोणी नसते, हे मला माहीत होते. थैली मीच देत होतो."